मर्विनच्या कमरेची फाइल

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात लविना नेमकं काय काम करते, हे धड सांगू शकेल असं माणूस तिच्या घरातही नव्हतं. आई लुसी बाजारात बोंबलाचे वाटे लावता लावता गिऱ्हाइकाला सांगायची, "पोरगी अमेरिकेच्या हास्पिटलात हाय. पन बसते गोखिवऱ्याला." ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळायचं नाही, पण हॉस्पिटल एवढा शब्द पुरेसा होता. रविवारी मिस्सा आटोपून लविना चर्चच्या पायऱ्या उतरली रे उतरली, की कोणी ना कोणी साखरेचा रिपोर्ट नाहीतर छातीचा एक्सरे घेऊन पुढे उभं राहायचं. "बघ ना गो, काय लिव्हलंय?" लविना जे लिहिलंय ते वाचून दाखवायची. "म्हनजे काय झालंय?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "ते डॉक्टरला विचार, मावशी. मी डॉक्टर नाय."

हे ती नम्रपणाने म्हणत असेल असं वाटण्याचं कारण नाही. तो तिच्या कामाचा पहिला नियम होता आणि नियमाच्या बाबतीत लविना फार कडक होती.

काम म्हणाल तर असं. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एखादा माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर त्याला तपासतो आणि जे विचारलं, जे पाहिलं ते सगळं टिपून ठेवतो. ते टिपण गोखिवऱ्याच्या एका औद्योगिक इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारं मशीन धडधडत असताना, लविनाच्या स्क्रीनवर उघडतं. प्रत्येक आजाराला एक ठरलेला कोड असतो. आधी एक अक्षर, मग आकडे. नुसती कंबर दुखते, त्याला वेगळा. मणक्यातली गादी सरकली, त्याला वेगळा. सांधे आतून सुजून मणके एकमेकांना जुळायला लागले आणि कंबर लाकडासारखी ताठ होत चालली, तर एम पंचेचाळीस, आणि पुढे टिंब देऊन पाठीचा कुठला भाग त्याचा आकडा. लविनाने टिपण वाचायचं, आजार शोधायचा आणि कोड टाकायचा. तिकडच्या विमा कंपनीला माणसाची ओळख पटते ती त्या कोडवरूनच. लविनाकडे हाडं आणि सांधे होते. दिवसाला शंभरेक माणसं तिच्या हातून जायची आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एक घोळ घातला होता. एका टिपणात डॉक्टरने लिहिलं होतं, मणके जुळण्याचा आजार असावा असं वाटतं, आणखी तपासण्या सांगितल्या आहेत. लक्षणं सगळी जुळत होती. लविनाने बेधडक एम पंचेचाळीस टाकला आणि पुढच्या टिपणाला हात घातला. दुसऱ्या दिवशी तिची वरिष्ठ ज्ञानदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ज्ञानदा विरारच्या फुलपाड्याहून स्कूटीवर यायची. उंची पाच फूट, आवाज मात्र सबंध मजल्याला पुरेल एवढा.

"हे कोणी ठरवलं?"

"मॅडम, सगळी लक्षणं तर तीच आहेत ना."

"लक्षणं डॉक्टर बघेल. त्याने 'वाटतं' लिहिलंय. 'आहे' असं कुठे लिहिलंय? मग कंबरदुखीचा कोड टाक आणि पुढे चल. उद्या त्या माणसाला तो आजार निघाला नाही, तर तुझ्यामुळे तो जन्मभर त्याच्या नावाला चिकटून राहील. आपण कोण गं ठरवणारे? कागदावर नाही ते आपल्यासाठी नाही."

हे लविनाच्या मनात असं बसलं की पुढे तिची चूक शोधायला भिंग लागावं. शंका आली तर ती डॉक्टरला रीतसर विचारणा पाठवायची. त्याचीही एक पद्धत होती. टिपणात काय काय नोंदलंय ते मांडायचं आणि खाली लिहायचं, कृपया निदान स्पष्ट करावे. आजाराचं नाव आपण होऊन डॉक्टरच्या तोंडात घालायचं नाही. लविनाच्या विचारणा इतक्या नेटक्या असायच्या की ज्ञानदा त्या नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवायची.

आता तिच्या भावाकडे येऊ, कारण हकिकत त्याचीच आहे.

मर्विन सत्तावीस वर्षांचा. अंगाने उंच, बोलायला कमी, संध्याकाळी किनाऱ्यावर फुटबॉल खेळताना पाहिलं तर दृष्ट काढावी असा. एकोणिसाव्या वर्षी तो स्टॅनीच्या होडीवर लागला. स्टॅनी म्हणजे त्यांचा बाप सायमन याचा लहानपणापासूनचा दोस्त. होडी काही घड्याळ बघून सुटत नाही. खाडीत पाणी असेल तेव्हा सुटते. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, त्यामुळे कधी पहाटे तीनला निघायचं तर कधी भर दुपारी. मर्विनचं घोडं नेमकं इथेच अडायचं. दुपारच्या पाण्याला तो दोघांचं काम एकटा ओढायचा. पहाटेच्या पाण्याला मात्र उठायचाच नाही. हाका मारून लुसीचा घसा बसायचा. तो डोळे उघडे ठेवून पडून असायचा, मग कुशीवर वळायचा, खाटेची कड धरायचा, एकेक गुडघा खाली टेकायचा. तोवर होडी खाडीबाहेर गेलेली असायची.

"कंबर ताठली हाय," तो म्हणायचा.

"दुपारी कशी ताठत नाय?" सायमन विचारायचा.

सायमन तापट, पण खोटं न बोलणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतः जाऊन, होड्या लागतात तिथे दहा माणसांसमोर स्टॅनीला सांगितलं, "ह्याला नको ठेवू. दुपारच्या पान्याला वाघ नि पहाटेच्या पान्याला मेलेला मासा. आळशी हाय. मी बापूस हाय त्याचा, मला ठावं." स्टॅनीने दोस्ताचा शब्द मानला. मर्विन बर्फाच्या कारखान्यात लागला, अकरा वाजताच्या पाळीला. पोरांनी त्याचं नाव 'दुपारचा मर्विन' ठेवलं. अर्नाळ्याहून त्याला एक स्थळ आलं होतं, मुलीने फोटो पाहून होकारही दिला होता. तिच्या मामाने पाचूबंदरात चौकशी केली आणि पुढे तिकडून फोन आला नाही. ज्याच्या बापानेच चारचौघांत सांगितलं, त्याची बाजू दुसरं कोण घेणार?

डॉक्टर झाले नव्हते असं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे आठ वर्षांत पंधरावीस फेऱ्या झाल्या होत्या. ते गोळ्या द्यायचे, पट्टा द्यायचे, आराम कर म्हणायचे. ती सगळी कागदपत्रं लविनाने फायलीत लावून ठेवली होती, वर्षवार, प्लास्टिकच्या पाकिटांत. प्रत्येक कागदावर एकच गोष्ट लिहिलेली होती: कंबरदुखी. दिवसाला शंभर माणसांच्या हाडांचे कागद वाचणाऱ्या लविनाने स्वतःच्या भावाचा कागदही तसाच वाचला. कंबरदुखी लिहिलंय, म्हणजे कंबरदुखी. मनातल्या मनात त्याला तो कोड लावून ती कधीच पुढे गेली होती. वर एकदोनदा म्हणालीही, "रात्रीचा मोबाइल कमी बघ, म्हणजे उठशील." अर्धंमुर्धं तिलाही पप्पांचंच पटत होतं. हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारी डबा खाऊन ती जागेवर बसली आणि एका छपरं शाकारणाऱ्या माणसाचं टिपण उघडलं. वय एकोणतीस. सकाळी उठल्यावर दीड तास पाठ ताठ. कामाला लागलं की मोकळी होते, पडून राहिलं की वाढते. विशीपासून त्रास. दोनदा एक डोळा लाल होऊन दुखला होता. एमआरआयमध्ये कमरेच्या तळाचे सांधे सुजलेले. खाली डॉक्टरने आजाराचं नाव स्वच्छ लिहिलं होतं, कुठे 'वाटतं' नाही की 'असावं' नाही. लविनाने चार मिनिटांत एम पंचेचाळीस, टिंब, सात असा कोड टाकला. टिपण बंद करण्याआधी तिची नजर मधल्या एका ओळीवर गेली. तिकडचे काही डॉक्टर पेशंटचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवतात. ती ओळ अशी होती: पेशंट सांगतो, माझे वडील मला आळशी म्हणतात.

पुढचं टिपण उघडलं, पण तिला त्यातलं अक्षर दिसेना. ती जिना उतरून खाली गेली आणि खोक्यांच्या मशीनशेजारी उभी राहिली. मर्विनचा डोळा तीनदा लाल झाला होता. एकदा तर आठवडाभर त्याला उजेड सहन होत नव्हता. डोळ्याच्या डॉक्टरांचे ते कागद तिच्या फायलीत नव्हतेच. आईने ते थेंबांच्या बाटलीबरोबर एका डब्यात ठेवून दिले होते. डोळ्याचं डोळ्यात, कमरेचं कमरेत. अशी किती टिपणं आपण वाचली असतील, दोनशे की तीनशे, हे मोजायचा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण हा आजार थांबून राहत नाही हे तिला पाठ होतं. आत काहीतरी एकमेकांना जुळत चाललं होतं आणि रोज सकाळी ते जुळताना घरातले सगळे मर्विनला शिव्या घालत होते.

दुसरी कोणी बहीण असती तर धावत घरी जाऊन म्हणाली असती, मला कळलं तुला काय झालंय. लविना तसं काही बोलली नाही. आपण डॉक्टर नाही, ही सवय हाडात मुरलेली. तिने येताना दुकानातून एक दोनशे पानी वही घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ती मर्विनच्या आधी उठून बसू लागली. तो डोळे कधी उघडतो, बसता कधी येतं, उभा कधी राहतो, खाली वाकून चप्पल स्वतःच्या हाताने कधी उचलतो, सगळं वेळेसकट टिपायचं. चौथ्या दिवशी मर्विनने विचारलं, "काय लिव्हतेस गो?"

"तुला उठायला किती वेळ लागतो ते."

"तू पन पप्पाच्या बाजूला गेलीस?"

"बाजू नाय रे. मला लिहून पायजे."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. लविनाने तेही सोसलं आणि टिपायचं सोडलं नाही. त्या दिवशी होड्या किती वाजता सुटल्या, तेही ती शेजारच्या रकान्यात लिहीत होती. सोळा दिवसांनी तिने वही उघडून पाहिली. चप्पल उचलायला कधी सत्तर मिनिटं, कधी नव्वद. आणि कारखान्यात दोन तास बर्फाच्या लाद्या ओढल्या की माणूस मोकळा. जितका पडून राहिला, तितका जास्त ताठला. गंमत म्हणजे सायमन इतकी वर्षं जे सांगत होता ते तासातासाला खरं होतं. दुपारच्या पाण्याला वाघ, पहाटेच्या पाण्याला मेलेला मासा. त्याने पाहिलं बरोबर होतं, फक्त त्याला नाव चुकीचं दिलं होतं.

मग तिने डोळ्याचे कागद आणि कमरेचे कागद एका फायलीत लावले, वर एका पानावर ऑफिसातल्यासारखी विचारणा लिहिली आणि मर्विनला घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे. मर्विनला बघून हसले. "परत कंबर? अगं, कोळ्याच्या पोराची कंबर दुखायचीच. आठ दिवस झोपून राहू दे."

"झोपून राहिलं की वाढतं, डॉक्टर. लिहिलंय त्यात."

त्यांनी जरा नाखुषीनेच कागद ओढला. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे डोळ्याचं मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

तुम्ही विचारलं नाहीत, असं लविनाला म्हणता आलं असतं, पण मग तिलाही कोणीतरी तेच विचारलं असतं.

"तुला काय वाटतं? तू या लाइनमधली आहेस ना?" डॉक्टरांनी एकदम विचारलं.

नाव तिच्या जिभेच्या टोकावर होतं. ते तिने ऑफिसात शेकडो वेळा वाचलेलं होतं. "मला काय वाटतं ते राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. "ह्याला काय म्हणतात ते तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. पण आधी 'शंका' असा शब्द लिहिला आणि मग आजाराचं नाव, आणि वसई पश्चिमेला मंगळवारी नि शनिवारी बसणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरीण बाईंना चिठ्ठी दिली. शंका! या शब्दावर ऑफिसात कोड पडला नसता. लविनाला रिक्षात बसल्यावर हसूही आलं आणि डोळेही भरले.

बाईंनी मर्विनला तपासलं, रक्त घ्यायला लावलं, एमआरआय करून आणायला सांगितलं. सगळे रिपोर्ट घेऊन जायच्या शनिवारी सकाळी सायमन अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

"तुम्ही कुठं, पप्पा?" मर्विनने विचारलं.

"येतो मी पन. तुमी दोघं सांगाल ते सांगाल. डाक्टरला खरं काय ते कोनीतरी सांगायला नको?"

मर्विनचा चेहरा पडला. लविनाला वाटलं, आता झालं. पण बापाला नाही कसं म्हणणार? तिघं रिक्षाने गेले.

दवाखान्यात बसल्या बसल्या सायमनने सुरुवात केली. बाईंनी त्याला थांबवलं नाही. उलट पेन हातात घेतलं. "बोला काका. सगळं सांगा."

सायमन सुटला. पोरगा दुपारी कसा ठणठणीत असतो, पहाटे कसा मेल्यागत पडतो. संध्याकाळी बॉल खेळतो तेव्हा कंबर कुठे जाते. रविवारी सुट्टी असली, दिवसभर लोळला, की सोमवारी तर विचारूच नका. आठ वर्षांची तक्रार त्याने एका दमात ओतली. बाई भराभर लिहीत होत्या, मध्येच "रविवारी लोळल्यावर सोमवारी जास्त, हो ना?" असं विचारून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"काका, इतकं नीट मला कोणी सांगत नाही. तुम्ही जे सांगितलंत ना, अगदी तेच या आजाराचं लक्षण आहे."

सायमनचं तोंड उघडंच राहिलं. आळशीपणाचे म्हणून त्याने आणलेले सगळे पुरावे बाईंनी आजाराच्या बाजूला मांडून ठेवले होते.

मग त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली. आजाराचं नाव सांगितलं, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस. कुठे 'शंका' नाही. कमरेच्या तळाशी दोन सांधे असतात, ते कुठे कुठे जुळायला लागलेत हे बोटाने दाखवलं. "जे जुळलंय ते सुटणार नाही, हे आत्ताच सांगते," त्या मर्विनला म्हणाल्या. "पण वरचा कणा अजून मोकळा आहे. तो वाचवायचा. औषध आणि रोजचा व्यायाम, दोन्ही लागेल, आणि दोन्ही सोडायचं नाही. पोहता येतं?"

"कोल्याला विचारता?" मर्विन म्हणाला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला.

"घरात आणखी कोणाला असा त्रास?"

"नाय," सायमन म्हणाला. त्याने हे बाईंना सांगितलं नाही, लविनाकडे वळून सांगितलं, कारण फाइल तिच्याकडे होती. आणि वळताना मान नाही वळली. खुर्चीतला अख्खा माणूस वळला. सायमन नेहमी असाच वळायचा. घरातल्यांनी ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं की कोणाला ते दिसतच नव्हतं. बाईंना दिसलं.

"काका, जरा त्या भिंतीला पाठ लावून उभे राहता का? टाचा टेकवा. आता डोकं मागे टेकवा."

टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोकं टेकेना. सायमनने जोर लावला, चेहरा लाल झाला, पण डोकं भिंतीपासून दूरच राहिलं. बाईंनी मधल्या फटीत हात घातला, तो सरळ आत गेला.

"कधीपासून आहे हे?"

"वयानं झालं असंल."

"वयाने नाही होत असं. तरुणपणी सकाळी उठताना कसं वाटायचं तुम्हाला?"

सायमन भिंतीला तसाच टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "विशीत होतो. ह्याच्यासारखंच व्हायचं. अंग लाकूड व्हायचं."

"मग उठायचात कसे?"

"उठायचो. माझा बापूस लाथ घालायचा, तवा उठायचो. रांगत जायचो पान्यापर्यंत." त्याने मर्विनकडे पाहिलं. "मला वाटलं, सगल्यांचंच असं असतं. सगले बाप्ये असेच उठतात सकाली. कोन बोलून दाखवत नाय एवढंच. मग ह्यालाच काय झालं उठायला? म्हनून आळशी बोललो."

लविनाला हुंदका आला आणि तिने तो लपवला नाही. मर्विन खुर्चीतून उठला, बापाजवळ गेला, पण जवळ जाऊन काय करायचं हे त्याला सुचलं नाही. "दुखत होतं तर बोलायचं ना पप्पा," तो म्हणाला.

"कोनाला बोलनार?"

मग बाईंनी सायमनला पुढच्या शनिवारी स्वतःचा एक्सरे काढून यायला सांगितलं आणि मर्विनचा कागद लिहायला घेतला. वर आजाराचं नाव, खाली औषधं, त्याखाली व्यायाम. सायमन वाकून बघत होता. तो चौथीपर्यंत शिकलेला. मराठी वाचायचा, इंग्रजी नाही.

"ह्याच्यात लिव्हलं काय, हा आळशी नाय म्हनून?"

"आजाराचं नाव लिहिलंय ना काका."

"ते इंग्लिशात. स्टॅनीला काय कलनार त्यातलं? मराठीत लिवा. सकाली उठत नव्हता तो ह्याच्यामुलं, आळशी नाय, असं लिवा."

बाईंनी लविनाकडे पाहिलं. असं काही लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता, लविनाच्या ऑफिसात त्याला कोड नव्हता, आणि ज्ञानदाने पाहिलं असतं तर अख्खा मजला गोळा केला असता.

"लिहा, डॉक्टर," लविना म्हणाली. "कागदावर आलं पाहिजे."

बाईंनी औषधांच्या खाली मराठीत दोन ओळी लिहिल्या. सकाळी उठता न येणे हे या आजाराचे लक्षण आहे. पेशंट आळशी नाही. सही केली. सायमनने शिक्काही मागितला, तोही मारून दिला.

रिक्षा पाचूबंदरात शिरली तेव्हा सायमनने ती घराकडे वळू दिली नाही. "होड्यांकडं ने." मर्विन म्हणाला, पप्पा, आधी जेवून घ्या, मग बघू. सायमनने ऐकलं नाही. स्टॅनी होडीच्या सावलीत जाळं घेऊन बसला होता, आजूबाजूला पाचसहा जण होते. सायमन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि कागद पुढे केला. "वाच. मोठ्यानं वाच."

स्टॅनीने हात लुंगीला पुसले. खालच्या दोन ओळी त्याने एकेक शब्द जुळवत वाचल्या. वाचून झाल्यावर तो एकदा कागदाकडे, एकदा मर्विनकडे बघत राहिला.

"मी हितंच उभा राहून तुला बोललो होतो," सायमन म्हणाला. "सगल्यांसमोर. चूक बोललो."

"अरे सायमन," स्टॅनी ओशाळून म्हणाला, "त्याला कागद कशाला पायजे होता? तोंडानं सांगितलं असतं तरी आमी मानलं असतं."

"तोंडानं सांगितलेलं तुमी मानलंत, त्यानंच तर पोराचं वाटोलं झालं," सायमन म्हणाला आणि हात पुढे केला. "दे तो कागद इकडं. अजून लई जनांना सांगून ठेवलंय मी."

पलीकडच्या होडीवर, 'दुपारचा मर्विन' म्हणणाऱ्या पोरांतला मेलरॉय इंजिन पुसत होता. सायमन कागद घेऊन तिकडे निघाला, आणि मर्विन त्याच्या मागोमाग.